प्रत्येक चुकीला एक टाळी

"प्रत्येक चुकीला एक टाळी," मिस म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून."

मी सहावीत होते. बाकावर उभी. हातात इंग्रजीचं पुस्तक. पहिल्या ओळीत तीन टाळ्या पडल्या. पुढे मोजायचं सोडलं. अक्षरं जागा बदलत होती, एक ओळ दुसरीत शिरत होती. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं आणि तरी ते वाचतात. म्हणजे मीच मूर्ख.

टाळ्या थांबल्यावर मिस हसून म्हणाल्या, "बस खाली. तुला कसलं टेन्शन? तुमच्या लोकांना पस्तीस टक्क्यांवरही सीट मिळते."

वर्ग हसला. माझी शेजारीणसुद्धा.

घरी काही बोलले नाही. बाबा चितेगावच्या कंपनीतून यायचे आणि म्हणायचे, "वाच बरं थोडं इंग्लिश. ऐकू दे." मी पाठ केलेला धडा म्हणायचे. पान उलटायला कधी विसरले नाही.

कॉलेजात एका प्राध्यापक बाईंनी ओळखलं. डिस्लेक्सिया. मग मी विशेष शिक्षणाचा कोर्स केला आणि शहरातल्या एका इंग्रजी शाळेत लागले. वाचायला जड जाणारी मुलं माझ्याकडे. माझं स्वतःचं मात्र तिथं कुणाला कळू दिलं नाही. शाळेचे कागद घरी नेऊन, ओळीखाली पट्टी धरून वाचायचे.

काजल माझ्याकडे आली तेव्हा नववीत होती. आजोबांची मेंढरं होती. वडील हर्सूलला मजुरी करतात, पण पोरगी इंग्रजीतच शिकवायची म्हणून हट्टाला पेटलेले. प्रश्न वाचून दाखवला की काजल घडाघडा उत्तर द्यायची. तोच प्रश्न पेपरात आला की कागद कोरा. सरकारी दवाखान्याच्या प्रमाणपत्रासाठी तिच्या वडिलांनी चार दिवस काम बुडवलं. त्यावर तिला दहावीला लेखनिक मिळणार होता. जादा वेळही. शाळेनं फक्त बोर्डाकडे अर्ज पाठवायचा होता.

पाठवला नाही.

जूनमध्ये मुख्याध्यापिका मॅडमनी बापलेकींना बोलावलं. मलाही. आमच्या फाटकावर 'दहावीचा निकाल १००%' असा फलक आहे. तो कसा टिकतो, ते मला त्या दिवशी कळलं. कच्च्या मुलांना दहावीच्या तोंडावर दाखला देऊन घालवतात. मग ती सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसतात. नापास झाली तर शाळेच्या निकालात दिसत नाहीत.

"मुलीच्या सवलतीचा अर्ज आहे," मॅडम काजलच्या वडिलांना गोड आवाजात म्हणाल्या. टाइप केलेला इंग्रजी कागद माझ्यापुढे सरकवला आणि मला इंग्रजीत म्हणाल्या, "खोलात जाऊ नका. यांच्या भाषेत काहीतरी सांगा. सही घ्या."

काजलच्या वडिलांनी पेन उघडलंसुद्धा. "कुठं करू, मॅडम? तुम्ही म्हणता तिथं करतो."

मी कागदाकडे पाहिलं. अक्षरं हलायला लागली. हा धडा मला पाठ नव्हता. गप्प राहणं सोपं होतं. तेवढंच मला चांगलं जमत होतं.

मी टेबलावरची पट्टी उचलली आणि पहिल्या ओळीखाली धरली.

"थांबा काका. आधी वाचते."

मोठ्यानं वाचलं. अडखळत. एकेका शब्दावर दोनदा, तीनदा. शेजारी बसलेल्या इंग्रजीच्या सरांनी हसू दाबायला तोंडावर हात धरला. मॅडमचा चेहरा बदलला.

"अरे देवा, तुम्हीसुद्धा? आणि आम्ही तुमच्या हातात मुलं दिली!"

कान तापले. पट्टी खालच्या ओळीवर सरकवली. शेवटपर्यंत वाचलं. मग मराठीत सांगितलं, "मी माझ्या मुलीला स्वखुशीनं शाळेतून काढत आहे. असं लिहिलंय."

काजलच्या वडिलांनी पेनाला टोपण लावलं.

"सवलत नाय म्हणा की ही. लेकीला हाकलायलेत व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. माझ्या घरची बोली त्या खोलीत पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघाली.

काजल दाराशी उभी होती. "मी नापास होईन म्हणून?" तिनं विचारलं.

मॅडमनी कागद ओढून घेतला. मी पट्टीकडे बघत राहिले. ते मला अजून लागतं.

सही झाली नाही. दोन दिवसांनी माझी नोकरी गेली. पत्रात कारण दिलंय : वाचनक्षमता अपुरी. काजल वर्गात आहे. तिला शेवटच्या बाकावर एकटी बसवतात. हिच्यामुळे आपला फलक उतरणार, असं तिच्या देखत पोरांना सांगतात.

लेखनिकाचा अर्ज अजून मॅडमच्या कपाटात आहे. त्याची प्रत माझ्याकडे आहे, प्रमाणपत्राचीही. उद्या मी काजलच्या वडिलांबरोबर शिक्षणाधिकारी कार्यालयात जाणार. तिथंही कुणीतरी कागद पुढे सरकवेल. घाई करेल. हसेल.

पट्टी पर्समध्ये ठेवलीय. एकेक ओळ मोठ्यानं वाचणार. अर्ज घेतल्याचा शिक्का मिळेपर्यंत हलणार नाही.

टाळ्या वाजवायच्या त्यांनी वाजवाव्यात.