पाकल्यापुढचा दिवा

आमच्या गावच्या नाक्यावर एक पुतळा होता. छातीपर्यंतचा, चुन्याचा, खाली चिऱ्यांचा कमरेएवढा चौथरा. साखळीहून पाळीकडे जाणारी बस तिथंच थांबायची. पुतळा पाकल्यांच्या राजवटीतल्या एका साहेबाचा. पाकले म्हणजे पोर्तुगीज, आमच्याकडे असंच म्हणतात. गोवा मोकळा झाला तेव्हा गावातल्या चारपाच जणांनी तो फोडायला घेतला, पण नाक उडवलं आणि जेवायला गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून तो नकटा.

मी चिरेकार. चिरेखाणीत जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत, म्हणून लिहिताना चुकेन, पण खोटं लिहिणार नाही. एकदा खोटं बोललो ते पुरे झालं.

त्या चौथऱ्याचे चिरे माझ्या बापाने वाहिले. फुकट. एक दिवस ताप होता म्हणून गेला नाही, तर साहेबाच्या माणसांनी त्याला नेऊन दोन्ही हातांवर मारलं. भोकाभोकाची लाकडी पळी असायची त्यांच्याकडे, खास हातावर मारायला. बापाचे तळवे असे सुजले की आठ दिवस आईने त्याला पेज भरवली. मी समोर बसून बघत होतो. त्यामुळे तो पुतळा दिसला की माझं तोंड कडू व्हायचं.

लग्न झालं. बायको सावंतवाडीकडची. पहिल्यांदा सासरी आली तेव्हा आम्ही दोघं नाक्यावर बसमधून उतरलो. तिनं डोकीवरचं गाठोडं सावरत मला विचारलं, "ह्यो कोण वो?"

नवी बायको, तोंडावर घाम, आणि मला मस्करी सुचली. मी म्हटलं, "गावचा राखणदार."

तिनं गाठोडं खाली ठेवलं. चपला काढल्या. धुळीत डोकं टेकून नमस्कार केला. मी हसू दाबलं. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरात माणसांची ही गर्दी, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बघतो तर ही पणती घेऊन निघालेली. वाड्यावरची माणसं मला म्हणाली, "अरे, सांग तिला. पाकल्याच्या पाया पडते ती." मी म्हटलं, सांगतो, दोन दिवस गंमत होऊ द्या.

पुढं गंमत राहिली नाही. आमची दोन मुलं बाळंतपणातच गेली. ती रोज जाऊन त्या नकट्यापुढे उभी राहायची, ओठ हलवत. आता तोंड उघडून तिला काय सांगणार होतो? की बाई, तू ज्याला साकडं घालतेस त्याच्या माणसांनी माझ्या बापाचे हात फोडले? मी गप्प बसलो. तिसरी मुलगी झाली ती जगली. आता ती हळर्णला सासरी आहे.

मुलगी जगली म्हटल्यावर आणखी बायका जायला लागल्या. शेजारच्या वयनीची म्हस हरवली होती, तिनं तिथं रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, बोलला आणि म्हस तिसऱ्या दिवशी स्वतःच गोठ्यात आली. झालं. मग विड्या आल्या, केळी आली, कोणी सोऱ्याची, म्हणजे दारूची, बाटली ठेवली. एक म्हातारा म्हणायचा, "रोट कशाला देता? पाकलो तो, पाव खाणारा, त्याला पोदेराकडचा गरम उंडा द्या." पण असं म्हणणारे हळूहळू मेले. नंतरच्या पोरांना तो राखणदारच होता. त्यात खाणीवरचे ट्रक दिवसभर तांबडी धूळ उडवायचे, तोंड कोणाचं आहे तेही कळेनासं झालं. बायको शनिवारी ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायची. माझ्या बापाचं तोंड कोणी तसं पुसलं नव्हतं.

तीसपस्तीस वर्षं हे चाललं. मग ती आजारी पडली, उठायची नाही असं दिसायला लागलं. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसून सांगून टाकलं. "तो राखणदार नाही गे. पाकलो तो. मी तुला फसवलं."

तिनं डोळे उघडले. म्हणाली, "माका म्हायत आसा. चौथ्याच वर्सा कळला होता."

"मग जात का होतीस?"

"तवसर तेका सगळा सांगून झाला होता. दोन पोरांचा पण. आता दुसऱ्या देवाकडे परत पयल्यापासून कोण सांगतला?" मग म्हणाली, "आणि तुमका सांगूची सोय खंय होती? तुमी उठून खाणीर जायचात."

मी पेजेचं बघायला म्हणून उठलो, आणि परत बसलो.

ती गेली त्याला चार महिने झाले होते तेव्हा पंचायतीनं देवळाच्या मंडपात बैठक बोलावली. पुतळा काढायचा की राखायचा. एक तरुण पंच उठला. म्हणाला, "गोवा राज्य झालं त्याला इतकी वर्षं झाली, आणि आमच्या नाक्यावर अजून पाकलो? जगात तोंड कसं दाखवायचं?" तिकडून आवाज आला, "राखणदाराला हात लावा आणि मग बघा गावाचं काय होतं ते." एकजण म्हणाला, पुतळा ठेवा पण खाली खरं काय ते सांगणारी पाटी लावा. झालं, पाटी मराठीत की कोंकणीत यावर अर्धा तास गेला. दोघे तर उठून अंगावर गेले. पुतळा राहणार की जाणार ते ठरलंच नव्हतं, पण पाटीसाठी डोकी फुटायची बाकी होती.

शेवटी पंच म्हणाला, "काढायला तरी कोण पुढे येतंय? बेळगावच्या कामगारांना विचारलं, ते म्हणतात आम्ही परके, तुमच्या देवाला हात लावणार नाही." मग माझ्याकडे वळला. "काका, तू चिऱ्याचा माणूस. तू काढशील?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काढतो म्हटलं असतं तर बायकोचा देव मी फोडला असं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर बापाला मारणारा गावात देव म्हणून कायमचा राहिला असता. आणि खरं सांगावं तर ती मेल्यावर तिचं हसं. मग उठलो.

"तो राखणदार नव्हे," मी म्हटलं. "ते खोटं माझं. लग्नाच्या वेळी बायकोला मस्करीत सांगितलं, तिनं खरं मानलं, आणि तिच्यामागून तुम्ही."

मग वयनी ओरडली, "मेल्या! म्हणजे माझी म्हस तुझ्या खोट्या फटीनं मिळाली?"

मंडप हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे चिरेकारीण जन्मभर पाकल्याच्या पाया पडली म्हण की!" पुन्हा हसले.

"हसा," मी म्हटलं. "तिला ठाऊक होतं." आणि ती उशाशी काय बोलली ते मी तिच्याच शब्दांत सांगितलं. खाणीर जायचात तेही सांगितलं. हसणं थांबलं. वयनीनं पदर तोंडाला लावला. तिचाही नवरा खाणीवरच असायचा.

मग वयनीच बोलली. "काढ तो. तिला सांगायला कोणीतरी हवं होतं, तोच हवा होता असं नव्हे."

मी पंचाला म्हटलं, "वरचा काढतो. खालचा चौथरा माझ्या बापानं वाहिला, त्याला हात लावणार नाही. त्यावर दुसरा कोण बसवायचा ते मी मेल्यावर ठरवा."

"काका, पंचायतीनं नवीन पुतळ्याचं..."

"मग दुसरा चिरेकार बघा."

दुसरा कोण येणार होता?

सोमवारी सकाळी मी दोरखंड आणि छिन्नी घेऊन गेलो. वाटेत ठरवलं होतं की पहिला घाव हातांवर घालायचा. शेजारी उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, त्याला हातच नव्हते. इतकी वर्षं बघत होतो. मग छिन्नीनं नुसता सांधा सोडवला, पंचासकट आम्ही चौघांनी मिळून दोरीनं खाली घेतला. फोडला नाही. तिनं पुसलेलं तोंड होतं ते. पंचायतीच्या शेडमागे नेऊन ठेवला, वर झावळ टाकलं. ज्यांना बघायचा त्यांनी तिथं जाऊन बघावा, आणि तो कोण होता तेही विचारावं. पण नाक्यावर नको.

त्या दिवशी तिन्हीसांजेला मी तिची पणती घेऊन गेलो. चौथरा रिकामा. मधोमध नुसता चुन्याचा पांढरा वण. पणती ठेवली, काडी ओढली, वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली.

रस्त्याच्या कामावरच्या कामगारांपैकी एकाची बायको कळशी घेऊन चालली होती. कोल्हापूरकडची, हातात हिरवा चुडा, लग्न नुकतंच झालेलं दिसत होतं. थांबून तिनं विचारलं, "आजोबा, हितं कोन हाय?"

माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली.

"कोणी नाही गे," मी म्हटलं. "एक वाईट माणूस होता, त्याला काढला. माझी बायको इथं दिवा लावायची. तीही गेली."

तिनं रिकाम्या चौथऱ्याकडे बघितलं. मग कळशी खाली ठेवली आणि वाऱ्याच्या बाजूला पदर धरून उभी राहिली. मी तिसरी काडी ओढली. या वेळी पणती लागली.

तिनं चपला काढून नमस्कार केला आणि कळशी उचलून निघून गेली. तिला काय समजलं कोण जाणे. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं.