लाईट आल्याचा आवाज

भानुदास गेल्याची बातमी ज्याने ज्याने मला सांगितली, त्याने शेवटी 'नशीब' हा शब्द जोडलाच. दहाव्याला तेच, तेराव्याला तेच. आज दीड महिना झाला, तरी तो शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. कसलं नशीब? एक झिजलेलं बटण होतं. ते बदललं नाही म्हणून माझा शाळेपासूनचा मित्र गेला, आणि का बदललं नाही हे आमच्या गावात प्रत्येकाला ठाऊक आहे.

लिंबागणेशच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्याचं सुतारकामाचं दुकान. दारं, खिडक्या, देवघरं... फळीवरून नुसतं बोट फिरवून ती कुठे फुगलीय ते सांगायचा. लाकूड कापायच्या मशीनचं हिरवं बटण मात्र पार झिजलं होतं, दाबलं तरी टिकायचं नाही. भानुदासने त्यात सागाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं. लाईट गेली की मशीन थांबायची आणि लाईट आली की कोणी हात न लावता सुरू व्हायची. हेच गावाच्या सोयीचं झालं. मोटारींना लागणारी थ्री-फेज लाईट कधी येईल याचा आमच्याकडे नेम नाही. मशीन घरघरली की आसपासच्या रानातली माणसं विहिरीवरच्या मोटारी चालू करायला धावायची.

दिवाळीत मी बीडहून नवा स्विच आणून त्याच्या हातात ठेवला. "आजच्या आज बसव बे," म्हटलं. तो हसला.

"आरं, नवा बसवला तर लाईट गेल्यावर बटण सुटतंय. मंग मशीन आपोआप चालू व्हायची न्हाई. लाईट आल्याचं मानसाला कळंल कसं? लई लोक ह्या आवाजाच्या भरवशावर हायती."

मी चिडलो, वाट्टेल ते बोललो. मग चहा आला आणि मीही विषय सोडून दिला. स्विच खोक्यातच राहिला. तेव्हा गप्प बसल्याचा आज मला स्वतःचाच संताप येतो.

त्या दुपारी फळी निम्मी कापून झाली आणि लाईट गेली. फळी पात्यात तशीच ठेवून तो समोर वाकून पुढचं माप घेत होता. तेवढ्यात लाईट आली. मशीनने फळी उलटी फेकली ती थेट त्याच्या छातीवर. त्याची बायको, आमच्या सुमनवहिनी, जेवण घेऊन आल्या तेव्हा तो खाली पडला होता आणि मशीन चालूच होती...

तेरावा झाल्यावर मी जाऊन खोक्यातला स्विच बसवला. वीस मिनिटं लागली. फक्त वीस! दोन दिवसांनी मी दुकानात असतानाच बाजूच्या रानातला एक जण आला. भला माणूस, भानुदासला खांदा दिलेला.

"वैनी, तेवढी पाचर परत लावा की. लाईट आल्याचं कळंना झालंय."

"लाज कशी वाटत नाही?" मी त्याच्या अंगावर धावलो. वहिनींनी मला हाताने अडवलं.

"त्या दिशी बी आवाज आलता ना भाऊ?" त्यांनी विचारलं. "समद्यांनी ऐकला. समदे मोटारी चालू कराया गेले. इकडं एक बी जण आला न्हाई."

तो मान खाली घालून निघून गेला. दुकानात सागाच्या भुशाचा वास अजून तसाच होता, खुंटीवर भानुदासचा सदरा होता. वहिनी त्या सदऱ्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. पण माझं रान दुकानाच्या मागेच आहे. त्या दुपारी आवाज ऐकून मला बरं वाटलं होतं, आणि मी उसाला पाणी सोडलं होतं.