पांढऱ्या बाजूचे मासे

मासा एरवी अंधार शोधतो. अर्धी काळी, अर्धी पांढरी टाकी असली की तो काळ्या बाजूला दडतो. मी त्याला निकोटीन द्यायचो ते मुद्दाम पांढऱ्या बाजूला. काही दिवसांनी पाण्यात काही नसतानाही तो उघड्यावर, पांढऱ्याकडेच धावायचा. मग त्याचं डोकं कापायचं आणि भाताच्या कणीएवढ्या मेंदूत डोपामिन किती वाढलं ते मोजायचं. माझी पीएचडी यावरच झाली. हे सगळं करताना माझ्या गालात खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचा, गोळा असे. कापलेले मासे ज्या बेसिनमध्ये टाकायचो, त्यातच मी थुंकायचो. तो तांबडा, बुळबुळीत ढीग आठवला की आजही जेवण नको वाटतं.

आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर मूळचा सावली गावचा होता. माझ्याहून लहान, सुपारीचं खांडही न खाणारा. टाक्यांचं पाणी कॉलेज उघडायच्या आधी बदलावं लागे. ते त्याचं काम नव्हतं, आणि तो कुरकुरायचा. एकदा मी खिडकीपाशी प्लास्टिकच्या पन्नीवर खर्रा घोटला आणि अर्धा त्याच्या तळहातावर ठेवला.

"घे भाऊ, झोप उडेल."

"डोकं फिरून राह्यलं ना सर," म्हणत त्याने थुंकून टाकला. दुसऱ्या दिवशी थुंकला नाही.

मग मी रीतच पाडली. पाणी बदललं की त्याच खिडकीपाशी खर्रा. पुढे तो माझ्या आधी येऊन तिथे उभा असे. एकदा तर दिवाळीच्या सुट्टीत.

"आज सुट्टी आहे ना रे?"

"मालूम हाय सर. पाय इथीच येते, काय करू?"

आम्ही दोघेही हसलो. समोर मासे किती वेळा पांढऱ्याकडे गेले त्याचा तक्ता पडला होता. मला कळलं होतं. कळलं नाही असं आजवर स्वतःला सांगत आलो, ते खोटं आहे. दुसऱ्या दिवशी मी पुडी खिडकीतच ठेवून दिली. पाणी वेळेवर बदलत राहिलं.

गेल्या महिन्यात कळलं, त्याचं तोंड उघडत नाही. सावलीला गेलो. त्याची बायको दातांच्या फटीतून चमच्याने पेज घालत होती. अर्धी हनुवटीवरून ओघळत होती. मला पाहून त्याचे डोळे चमकले.

"सर, आनला का?"

"पाहा," बायको म्हणाली. "डॉक्टर म्हनते, खर्रा सुटल्याबिगर ऑपरेशन नाई. अन् हे येनाऱ्या-जानाऱ्याले मागून राह्यले."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मासे, पांढरी बाजू, खिडकी. ती चमचा हातात धरून ऐकत राहिली.

"मासे तं कापून टाकले तुमी. ह्याईले काऊन ठेवलं?"

तिने हात पुढे केला. "खिशातला काढा. वास येऊन राह्यला."

पुडी तिने सरळ चुलीत टाकली. तंबाखूचा धूर उठला. त्याने बाजेवरून आणि मी खुर्चीवरून, एकदमच मान तिकडे वळवली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

तिने दोघांकडे पाहिलं.

"सर, तुमी इथी येत नोका जाऊ. तुमाले पाह्यलं का ह्याईले तेच आठवते."

तो बाजेवर उठून बसला होता, माझ्या रिकाम्या खिशाकडे बघत. मी चपला घातल्या.