सोळावा प्रश्न

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी आमच्या साडूइतका प्रश्नांना वैतागलेला माणूस सापडणार नाही. संगणकातले सगळे प्रोग्राम जिच्या जिवावर चालतात ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यात त्याचा जन्म गेला. त्याचं म्हणणं असं, की सगळ्यांसाठी लिहिलेला कोड प्रत्येक कामाआधी कोण, कुठून, कशाला विचारत बसतो. उत्तरं बदलणारच नसतील तर ती गृहीत धरावी आणि मूळ कोडपासून त्या एका कामापुरतं लेकरू काढावं. लेकरू आईचं सगळं घेतं, फक्त प्रश्न गाळतं. मात्र प्रत्येक गृहीतावर एक पहारेकरी हवा. गृहीत खोटं ठरलं की काम परत आईकडे.

घरातही हाच कारभार. दहिवलीला त्याच्याकडे गेलो की न विचारता बिनसाखरेचा चहा पुढ्यात. पित्तामुळे डॉक्टरांनी माझा चहा बंद केला, तर हा भडकला. "साडूभाऊ, अट बदलली तर कळवायचं कोणी?" पुढच्या खेपेपासून न विचारता कोकम सरबत. त्याची बायको कुसुम, माझी मेव्हणी, हसून म्हणायची, "लग्नाच्या वेळी मला तरी कुठे विचारलं यांनी!"

मग कुसुमची फुप्फुसं निकामी होत गेली. बोटाला चिमटा, उशाशी याने जोडलेला छोटा संगणक. प्राणवायू उतरला की घंटा. मी घड्याळ लावून मोजलं, घंटेला नऊ सेकंद लागत होते. "सोळा प्रश्न विचारतंय हे," तो म्हणाला. रुग्ण कोण, चिमटा कोणता, सांभाळणारा घरात आहे का. नसला तर त्याला फोन. आठ दिवस खपून त्याने फक्त कुसुमसाठी लेकरू काढलं. दोन सेकंद! पंधरा गृहीतांवर पंधरा पहारेकरी बसवले. सोळाव्यावर, म्हणजे सांभाळणारा घरात आहे यावर, बसवावा असं त्याला वाटलं नाही, आणि यादी वाचून मलाही नाही. तो घर सोडून जायचाच नाही.

एका दुपारी तिच्याच जन्माच्या दाखल्यासाठी त्याला खालापूरला जावं लागलं. "जा हो," ती म्हणाली, "घंटा आहे की उशाशी."

घंटा वाजली. घरात. त्याला फोन गेलाच नाही.

"आवाज येत व्हता, भाऊ," कुसुमच्या दहाव्याला शेजारीण मला रडत म्हणाली. "आमाला वाटलं, ते हायेत घरात."

परवा गेलो तर सरबत आलं नाही. तो समोर उभा राहिला. "काय घेणार? गरम की गार? साखर घालू?" उत्तरं त्याला पाठ आहेत. तरी मी एकेक दिलं, सावकाश, तो मान हलवेपर्यंत थांबून.