पाकिटावरची आडवी सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर माझ्या रक्तातल्या साखरेपासून सगळं ठाऊक असतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल.

हैदराबादेत मी तीस वर्षं क्वांटम भौतिकी शिकवली. बाहेरच्या जगाची जराशी झळ लागली की अणूची नाजूक अवस्था किती वेळात विस्कटते, एवढाच माझा विषय. त्यातलं एक सूत्र माझ्या नावाने ओळखलं जातं. परदेशी पाठ्यपुस्तकांत आहे. हिमायतनगरच्या आमच्या किराणावाल्यालाही ते माहीत आहे – म्हणजे सूत्र नव्हे, ते पुस्तकात आहे हे.

त्या सूत्राची वाट शैलजाने शोधली होती.

गौलीगुड्यातल्या मराठी घरातली मुलगी. वडिलांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. माझ्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आली होती. मी ज्या गणितात दोन वर्षं अडकून पडलो होतो, ते तिने कापडाच्या ठाणातून निघालेल्या पुठ्ठ्यावर सोडवून आणलं. पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, कुठं तरी चुकलं असंल. जरा बघा." मी आठवडाभर चूक शोधली. खरं सांगू? सापडावी म्हणून शोधली. नव्हती.

ती नव्वदनंतरची वर्षं. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते आणि जो तो मुलांना तिकडे ढकलत होता. शैलजाला मात्र पीएच.डी.साठी परदेशी जायचं होतं. घरी बरीच वादावादी झाली. शेवटी वडील एवढ्यावर आले – यंदा प्रवेश मिळाला तर जा, नाही तर हा नाद सोड. तिच्यापाशी एकच वर्ष होतं, आणि हे तिने मला सांगितलं होतं.

त्या काळी शिफारसपत्राची एक रीत होती. प्राध्यापकाने पत्र लिहायचं, पाकीट चिकटवायचं, झाकणाच्या जोडावर आडवी सही करायची – मधे कुणी उघडलं तर कळावं म्हणून. मग ते बंद पाकीट विद्यार्थ्याच्याच हातात द्यायचं, त्याने अर्जासोबत पाठवायचं. आत काय आहे, हे विचारायचं नाही. मी सहा पाकिटं केली. शिपायाकरवी पाठवतो म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्ही कायकू परेशान होता सर, मीच टाकते पोस्टात."

आत काय होतं?

खोटं एक अक्षर नव्हतं. मुलगी कष्टाळू आहे. सांगितलेलं काम वेळेवर आणि नीटनेटकं करते. स्वभावाने नम्र आहे. बस्स. पुठ्ठ्याबद्दल चकार शब्द नाही. अशा पत्राचा अर्थ – मुलगी साधारण आहे, घेऊ नका – प्रवेश देणाऱ्यांना बरोबर कळतो. लिहिताना मलाही कळत होता.

का लिहिलं? ती गेली तर ते काम तिकडे पुरं होईल आणि कुणा बड्या माणसाच्या नावावर जाईल, असं मी स्वतःला समजावलं. पण मला भीती बड्या माणसाची नव्हती. ते तिच्या नावावर जाईल याची होती.

कुठूनच होकार आला नाही. पुढचे काही महिने ती येत राहिली, खाली मान घालून उरलेलं गणित पुरं करून गेली. शोधनिबंधावर तिचं नाव आहे – दुसरं. नंतर तीही क्लासला गेली, नोकरीला लागली. मग मी जिथे तिथे सांगत सुटलो, "सॉफ्टवेअरने आमची हुशार पोरं पळवली हो!" उदाहरण तिचंच द्यायचो. लोक माना डोलवायचे. कोण शंका घेणार? पोरं खरंच जात होती.

मी निवृत्त झालो त्या दिवशी ती निरोपसमारंभाला आली. केस पिकलेले, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पर्समधून तिने एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. त्या सहांपैकी एका ठिकाणची अर्जाची तारीख हुकली होती, म्हणून ते तिच्याकडेच राहिलं होतं. जोडावर माझी सही, जशीच्या तशी. उघडलं नाहीस कधी, मी विचारलं.

"तुमची सही होती ना सर त्याच्यावर." आणि हसून म्हणाली, "तुम्ही एवढं लिहून देऊनसुद्धा कुणी घेतलं नाही. तेव्हाच समजून गेलं – फिजिक्स आपल्या बस की बात नाही."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. तेव्हा बोलता आलं असतं – जीभ जागेवर होती, ती समोर उभी होती. मी "छे, छे, तसं काही नसतं" म्हणालो आणि समोशाची बशी तिच्यापुढे केली.

जाताना पाकीट तिने माझ्याच हातात ठेवलं. आता ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी ते उघडलेलं नाही. आतलं मला पाठ आहे. तिचा फोन नंबर आहे माझ्याकडे. इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर राहते. मी फोन केलेला नाही.

आपल्याला फिजिक्स येत नव्हतं, असं ती अजून समजते. तिला येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.