जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माझ्या वडिलांच्या मावसभावाइतका सरळ माणूस नाही आणि त्यांच्याइतका त्रासदायकही नाही. जुन्नरच्या बाजारपेठेत काकांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथं कायदा एकच, बदललेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. पेठ गावचा एक बागायतदार घाईत तसाच निघून गेला, तर काका झिजलेलं बेअरिंग फडक्यात बांधून एसटीनं त्याच्या दारात हजर. "फेकून द्या की राव," तो म्हणाला. "आधी बगा कुठं झिजलंय, मग फेका," म्हणत काका ओट्यावर बसले. त्यानं पाहिलं, तेव्हाच त्यांनी चहा घेतला.

मोटारीचं दुखणं ते कानानं ओळखत. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खुबा बदलला. वाटी धातूची, गोळाही धातूचा. तेव्हापासून खंडेनवमीला पान्हे-पकडींबरोबर ते खुब्यालाही हळदकुंकू लावून घेतात. "त्येबी अवजारच हाय," म्हणतात, आणि काकू कपाळाला हात लावून लावतात.

मग घरात कुईं कुईं सुरू झालं. काकूंनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. शेवटी कळलं, दार नव्हे, काका वाजतात. हळूहळू त्यांना थकवा येऊ लागला, आणि कान जाऊ लागले. कान गेले म्हणजे दुकान गेलं. डॉक्टर म्हणाले, "वय झालं, आजोबा."

"जुनी मोटार आली तर आमी 'जुनी हाय' असं लिहून परत धाडत न्हाई," काका म्हणाले. "लोखंड लोखंडाला घासलं की चुरा पडतो. चुरा तेलात उतरतो. माझं त्याल तपासा." तेल म्हणजे रक्त. डॉक्टर हसले.

मी हसलो नाही. मी एका बैठकीत हॉस्पिटलच्या नावानं चार पानी अर्ज लिहिला. त्यात निर्लज्ज नफेखोरी होती, जाहीर धिक्कार होता. काका पेन्सिल घेऊन बसले.

"धिक्कार काढ. निर्लज्ज काढ."

"मग राहिलं काय?"

"आवाज कवा सुरू झाला त्ये लिही. कान कवापास्नं गेले त्ये लिही. फायलीत गोळ्याचा नंबर हाय, तो लिही. शिवीला कोन उत्तर देत न्हाई, नंबराला द्यावं लागतं."

चार पानांचं अर्धं पान झालं. ते घेऊन आम्ही, खुबा बदलला होता त्या पुण्याच्या हॉस्पिटलात तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला रक्त तपासलं गेलं. गोळ्याच्या धातूतलं कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात भलतंच वाढलेलं निघालं. गोळा काढायलाच हवा होता; कान परत येतील का, हे मात्र कोणी सांगेना. इतक्या वर्षांत या गोळ्याचं काय झालं, हे तो बनवणाऱ्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. हे वाक्य मी धिक्कार न घालता लिहितो आहे, आणि ते सोपं नाही.

ऑपरेशनच्या संमतीपत्राखाली काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा.'

"आजोबा, असं लिहिता येत नाही," नर्स म्हणाल्या.

"मग मला सहीबी येत न्हाई."

खुब्यात नवा सांधा बसला, आणि जुना गोळा बरणीतून मिळाला. काकांनी तो खिडकीशी धरला, नखानं चाचपला. "बग, हितं खाल्लंय." चेहऱ्यावर राग नव्हता, बेअरिंग पाहताना असतो तोच चेहरा. मग त्या जागेचं चित्र माझ्याकडून काढून घेऊन गोळा बनवणाऱ्या कंपनीला लिहिलेल्या पत्राला जोडलं. उत्तर नाही, म्हणून दर महिन्याला नवं पत्र जातं. हल्ली ओझरच्या देवळाबाहेर कोणी लंगडताना दिसलं, की काका आडवे जातात, "भाऊ, धातूचा हाय का? रक्त तपासलं का?" लोकांना ते विम्याचे एजंट वाटतात. दोघांनी मात्र रक्त तपासलं.

कान परतले नाहीत. गेल्या आठवड्यात दुकानात काका माझ्यासमोर टेबलापासून दारापर्यंत चालत गेले, परत आले.

"आवाज बंद झालाय, का मलाच ऐकू येत न्हाई? खरं सांग."

मी गुडघ्यांवर बसून त्यांच्या खुब्याला कान लावला, आणि त्यांना पाऊल टाकायला लावलं.

"बंद झालाय!" मी ओरडलो.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पुन्हा एकदा दारापर्यंत चालून दाखवलं.