दाऊदभाईंच्या लॉरीचे पाटे

शेजार म्हटला की गोष्टी साठतातच. पण शेजाऱ्याचं घरच लॉरीवर असेल तर साठवायला जागा पुरत नाही! आम्ही शारजाला रोल्ल्याच्या, म्हणजे तिथल्या जुन्या वडाच्या, मागे राहायचो, तेव्हाच्या, साठ सालानंतरच्या या गोष्टी. कुठेही बसले की कुणीतरी म्हणतंच, "आपा, ती लॉरीवाली सांगा." म्हणून एकदाच लिहून टाकते.

दाऊदभाई रत्नागिरीकडचे, ड्रायव्हर. आज काम इथे, उद्या तिथे, म्हणून लॉरीच्या पाठीवर फळ्यांची खोली ठोकून त्यातच संसार. बायको झुलेखा आणि म्हातारे वडील. वडील जन्मभर गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. म्हणून आम्ही त्यांना तांडेलचाचा म्हणायचो.

पहिल्याच दिवशी मी वाटीभर सांदणं घेऊन गेले. खरं तर आत बघायचं होतं! खाट, स्टोव्ह, पाण्याचा ड्रम, सगळं दोरीने बांधलेलं. मी विचारलं, "पाहुण्यांना पत्ता काय सांगतेस गो?"

झुलेखा म्हणाली, "सांगत नाही आपा. आम्हीच घर घेऊन त्यांच्या दारात जातो."

*

एका सकाळी मागच्या चाकावरचा पाटा तुटला. लॉरीचा भार झेलायला चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, ते पाटे. घर एका अंगाला कललं. भात एका बाजूला कच्चा, दुसऱ्या बाजूला करपलेला. झुलेखा स्टोव्हखाली लाकूड सरकवून भागवायची. एकदा मी तिघांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. चाचा बराच वेळ ताटाकडे बघत राहिले.

"कालवण आज कुठंच वाहत नाही," ते म्हणाले. "चुकल्यासारखं वाटतं."

पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चाचांची छाती पार गेली होती. उरलेले दिवस त्यांना गावी लेकीकडे काढायचे होते. डॉक्टर म्हणाले होते की बोटीचा प्रवास सोसेल, पण दुबईच्या धक्क्यापर्यंतच्या वाटेवरचे गचके सोसणार नाहीत. तेव्हा डांबर कुठलं? खारट जमिनीत पडलेल्या चाकोऱ्या, तोच रस्ता. चाचांना बसवत नव्हतं, त्यामुळे लॉरीतल्या खाटेवरूनच न्यायला हवं होतं. आणि लॉरी मोडलेली.

*

जॅक लावावा तर वाळूत रुते. चाचांनी सल्ला दिला, गलबताला करतात तसं कर, ओहोटीला खाडीकाठी घे, तिथली ओली वाळू घट्ट असते. दाऊदभाईंना पटलं. आमच्या ह्यांना पटलं. मलाही पटलं!

लॉरी ओंडक्यांवर टेकवली, चाक काढलं, पाटे उतरवले. आणि भरती आली. गलबताला भरती हवी असते, लॉरीला नको असते, हे आम्हा कोकणातल्या एकालाही सुचलं नव्हतं. झुलेखा चाचांना खाली उतरा म्हणून विनवत होती. चाचा आपले शांत.

"घाबरू नको गो. आता उचलेल."

काठावरचा एक अरब आमच्याकडे बघत होता. तो हिंदीत म्हणाला, "हबीबी, ये लॉरी है."

लॉरी काही उचलली नाही. पाणी उतरेपर्यंत आम्ही सगळे बसून राहिलो.

*

विमानतळाच्या भंगारातून पाटे मिळाले, पण मोठ्या गाडीचे. दाऊदभाईंनी ते चढवले. चाचांना आमच्या घरात आणलं, त्यांच्या खाटेवर झुलेखा आडवी झाली आणि दाऊदभाईंनी एक फेरी मारली. झुलेखा उतरली तेव्हा ओठ दाताखाली येऊन फुटला होता.

"पाटे मजबूत झालेत," दाऊदभाई म्हणाले.

ती ओढणीने रक्त पुसत म्हणाली, "मजबूत नकोत. बाबांना सोसतील असे करा."

मग एकेक पाटा कमी करायचा, बांधायचं, फेरी मारायची. तरी लॉरी ताठच. शेवटी चाचाच बोलले. रिकामं गलबत उसळतं, भरलेलं दबून चालतं. भार घाला म्हणाले. आमच्या ह्यांनी वाळूची पोती सुचवली.

"पोती कशाला?" झुलेखा म्हणाली. "बाबांना पोचवायला माणसं येतीलच की."

*

बोटीच्या दिवशी अख्खी आळी लॉरीत चढली. एकमेकांशी न बोलणारेही खांद्याला खांदा लावून खाटेभोवती बसले. खड्डा आला की लॉरी नुसती दबायची आणि अलगद वर यायची. चाचांनी डोळे मिटले होते. मध्येच म्हणाले, "वारा चांगला धरलाय."

धक्क्यावर दाऊदभाईंनी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि बोटीकडे जाणाऱ्या लाँचमध्ये निजवलं. सोबतीला गावचा माणूस होता. दाऊदभाईंना नोकरी सोडून जाता येत नव्हतं. ही भेट शेवटची, हे दोघांनाही ठाऊक होतं. चाचांनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला.

"खलास. जा आता," म्हणाले. "गाडी सांभाळून ने."

परतताना माणसं तीच, रस्ता तोच. कमी झाला होता तो म्हातारा, पिसासारखा हलका. तरी शारजा येईपर्यंत लॉरी अशी उसळत आली की आम्ही एकमेकांना धरून बसलो. लॉरी थांबवायची तर पुढचा, ड्रायव्हरच्या केबिनचा पत्रा वाजवायचा असतो. कुणीच वाजवला नाही.

घरापाशी दाऊदभाई उतरले आणि थेट मागच्या चाकाखाली शिरले. बराच वेळ आत हात फिरवत होते. मग बाहेर आले, झुलेखाकडे बघितलं.

"पाटे तर सगळे शाबूत आहेत," म्हणाले.